फोटो हलवा, पण तारीख-ठिकाण सांडू नका

जुना फोन बदलला, लॅपटॉप भरला, किंवा गुगलची जागा संपल्याची सूचना रोज येऊ लागली, की आपण एखाद्या रविवारी बसतो आणि सगळे फोटो हार्ड डिस्कवर ओढून टाकतो. आठवड्याने उघडून बघावे तर २०११ची मुंज, २०१६ची महेश्वरची सहल आणि गेल्या महिन्यातले बारसे, सगळ्यांवर त्याच रविवारची तारीख. इंदूरमध्ये राजेंद्रनगरपासून सुदामानगरपर्यंत ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे पाहिले आहे. माझ्या हातूनही झाले आहे. दादाच्या घरचे जवळजवळ सहा हजार फोटो मी असेच एका तारखेवर आणून ठेवले होते. आई गेल्यावर तिच्या शेवटच्या वर्षातले फोटो क्रमाने लावायला बसलो, तेव्हा कळले की क्रमच उरलेला नाही. निम्मे फोटो जुन्या मेमरी कार्डवरून परत मिळाले, बाकीच्यांच्या तारखा कायमच्या गेल्या.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. बहुतेक नुकसान क्रम उलटा केल्याने होते. आधी नावे बदलली, आधी दुरुस्ती केली किंवा आधी जुना फोन पुसला, तर पुढची काळजी वाया जाते.

सुरुवात करण्याआधी: तारीख कुठे लिहिलेली असते

पत्राचे उदाहरण घ्या. पत्राच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने घातलेली तारीख असते, पाकिटावर टपालाचा शिक्का असतो, आणि पत्र आल्यावर कोणी घरच्या वहीत नोंद केली असेल तर ती तिसरी. फोटोचेही तसेच आहे.

पहिली तारीख फाइलच्या पोटात असते. तिला एक्झिफ म्हणतात. कॅमेरा किंवा फोन फोटो काढतानाच ती लिहितो, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही तिथेच लिहितो. फाइल जशीच्या तशी कॉपी झाली तर ही नोंद कुठेही जात नाही.

दुसरी तारीख फाइलच्या अंगावर असते. ती कॉम्प्युटरने मारलेला शिक्का आहे. विंडोजमध्ये 'डेट क्रिएटेड' आणि 'डेट मॉडिफाइड' दिसतात त्या याच. नवीन डिस्कवर कॉपी केली की 'डेट क्रिएटेड' ही कॉपीची वेळ होते. 'डेट मॉडिफाइड' साधारणपणे टिकते, पण फोनमधून केबलने घेताना किंवा नेटवरून उतरवताना तिचाही भरवसा नाही.

तिसरी तारीख ॲपच्या वहीत असते. गुगल फोटोजमध्ये किंवा मॅकच्या फोटोज ॲपमध्ये तुम्ही हाताने तारीख सुधारली, ठिकाण घातले, तर ते त्या ॲपच्या नोंदीत जाते. मूळ फाइलच्या पोटात ते लिहिले जात नाही.

सहा हजार फोटो एकाच रविवारचे दिसतात तेव्हा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर पोटातली तारीख शाबूत आहे आणि तुम्ही शिक्का वाचताय. नाही तर ती खरोखर पुसली गेली आहे. घाबरून दुरुस्तीला लागण्याआधी यातले कोणते झाले ते बघा.

तपासणी: विंडोजमध्ये फोटोवर उजवी क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स'. तिथे 'डेट टेकन' भरलेले असेल तर पोटातली तारीख आहे. खाली 'जीपीएस' हा भाग असेल तर ठिकाणही आहे. पूर्ण फोल्डर एकदम बघायचा असेल तर यादीच्या मथळ्यावर उजवी क्लिक करून 'डेट टेकन' हा रकाना लावा आणि त्यावर क्रम लावा. ज्यांचा रकाना रिकामा आहे ते फोटो एकत्र येतील. खरे काम तेवढ्याच फोटोंवर आहे.

टप्पा १: सगळे स्रोत कागदावर मांडा

हो, कागदावरच. घरातले फोटो कुठे कुठे आहेत ते लिहा: आताचा फोन, कपाटातला जुना फोन, कॅमेऱ्याचे कार्ड, लॅपटॉप, गुगलची दोन खाती, व्हॉट्सॲपवर आलेले, स्कॅन केलेले जुने अल्बम, लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेली सीडी. प्रत्येकापुढे दोन गोष्टी टिपा: अंदाजे किती फोटो, आणि पोटात तारीख व ठिकाण आहे का.

मग दोन हार्ड डिस्क घ्या. इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पण दोन घ्या. एकीवर मूळ जसेच्या तसे उतरवायचे आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. दुसरीवर दुरुस्तीचे काम करायचे. डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालायला हवी असेल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लांबलेले व्हिडिओ अडकतात.

इशारा: या टप्प्यापासून शेवटपर्यंत 'कट' वापरू नका. नेहमी 'कॉपी'. जुना फोन विकायचा असला, कुणाला द्यायचा असला, तरी शेवटच्या तपासणीपर्यंत तो घरातच राहू द्या.

टप्पा २: बारा फोटोंची चाचणी

हा टप्पा लोक गाळतात, आणि त्यानेही मोठे नुकसान होते. प्रत्येक स्रोतातून एक-दोन असे दहा-बारा फोटो निवडा. आयफोनचा एक, अँड्रॉइडचा एक, ठिकाण असलेला एक, ठिकाण नसलेला एक, व्हॉट्सॲपचा एक, स्कॅन एक, रात्री बाराच्या पुढचा एक व्हिडिओ, संपादन केलेला एक फोटो. प्रत्येकाची खरी तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत लिहा.

आता ज्या मार्गाने सगळे फोटो न्यायचे आहेत त्याच मार्गाने फक्त हे बारा न्या, आणि पोहोचल्यावर वहीशी ताडून बघा. बारापैकी एकाचेही ठिकाण गायब झाले तर तो मार्ग बंद. दुसरा शोधा.

अँड्रॉइडवर ही चाचणी फारच गरजेची आहे. अँड्रॉइड १० पासून एखाद्या ॲपला फोटोतले ठिकाण वाचायची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर फोन त्या ॲपला फोटो देतो, पण अक्षांश-रेखांश काढून देतो. ॲप तक्रार करत नाही, तुम्हालाही काही कळत नाही. फोन बदलण्याची तयार ॲप्स आणि ब्राउझरमधून फोटो चढवणे, या दोन्ही ठिकाणी हे घडू शकते.

टप्पा ३: फोनमधून बाहेर काढणे

अँड्रॉइडला सरळ डेटा केबल लावा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि 'डीसीआयएम' (कॅमेऱ्याने काढलेले फोटो यात असतात) हा पूर्ण फोल्डर कॉपी करा. हजारो फोटो एका वेळी न घेता महिन्या-महिन्याने घ्या. मध्येच केबल हलली तर कुठे तुटले ते कळते.

आयफोनमध्ये आधी दोन सेटिंग बघा. फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर पूर्ण आकाराचे मूळ फोटो फोनमध्ये नसतात, आयक्लाउडवर असतात. केबलने मग सगळे मिळणार नाहीत. ते आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून 'अनमॉडिफाइड ओरिजिनल' हा पर्याय निवडून उतरवा. दुसरे सेटिंग 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी'. तिथे 'ऑटोमॅटिक' काढून 'कीप ओरिजिनल्स' करा, म्हणजे फोन वाटेत फोटो दुसऱ्या प्रकारात बदलणार नाही. एअरड्रॉप (ॲपलच्या यंत्रांमधली बिनतारी देवाणघेवाण) वापरत असाल तर वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑल फोटोज डेटा' चालू आणि 'लोकेशन'ही चालू, हे दर वेळी बघा. लाइव्ह फोटो असतील तर एकाच नावाच्या दोन फाइल येतील, एक चित्राची आणि एक छोट्या व्हिडिओची. त्यांची जोडी तोडू नका.

मॅकच्या फोटोज ॲपमध्ये एक पेच आहे. 'एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल' निवडले तर मूळ फाइल शुद्ध मिळते, पण तुम्ही ॲपमध्ये बसून सुधारलेल्या तारखा आणि घातलेली ठिकाणे तिच्यात नसतात. साधे 'एक्स्पोर्ट' निवडले तर सुधारणा येतात, पण फोटो नव्याने बनतो, आणि 'लोकेशन इन्फर्मेशन'ची खूण राहून गेली तर ठिकाण जाते. माझा सल्ला: मूळ फोटो 'अनमॉडिफाइड'ने काढा आणि त्याच खिडकीतली एक्सएमपीची खूण लावा. शेजारी एक छोटी नोंद-फाइल तयार होते, तिच्यात तुमची दुरुस्ती राहते.

व्हॉट्सॲपबद्दल स्पष्ट सांगतो. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राच्या पोटातली तारीख आणि ठिकाण व्हॉट्सॲप काढून टाकते. 'एचडी' निवडल्याने चित्र मोठे जाते, तारीख परत येत नाही. पुण्याच्या मावशीकडून लग्नाचे फोटो हवे असतील तर तिला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा ती येईल तेव्हा पेनड्राइव्हवर घ्या. फाइलच्या नावात २०१९०८१५ असे आकडे आणि पुढे 'डब्ल्यूए' दिसले तर ती फोटो तुमच्या फोनवर आल्याची तारीख आहे, काढल्याची नाही. दिवाळीचे फोटो काकांनी तुळशीच्या लग्नाला पाठवले असतील तर नावात तुळशीचे लग्नच दिसणार.

इशारा: कॅमेरे आणि आयफोन फाइलना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. घरात दोन आयफोन असतील तर एकाच नावाचे दोन वेगळे फोटो नक्की असणार. सगळे एका फोल्डरमध्ये ओतताना 'रिप्लेस' दाबले की एक गेला. प्रत्येक यंत्राचा वेगळा फोल्डर करा: 'ताईचा फोन २०१८–२०२१', 'बाबांचा कॅमेरा'.

टप्पा ४: गुगल फोटोजमधून काढणे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

गुगलच्या 'टेकआउट' सेवेतून सगळे फोटो एकदम मागवता येतात. मागवताना प्रत्येक झिपचा (अनेक फोटो एकत्र बांधलेल्या फाइलचा) आकार विचारतात. २ जीबीच्या पन्नास फाइल सांभाळण्यापेक्षा, नेट बरे असेल तर १० किंवा ५० जीबी निवडा. दुवा काही दिवसच चालतो, म्हणून नेटचा प्लॅन आणि डिस्कवरची जागा आधी बघून मगच मागवा. खात्याची भाषा मराठी किंवा हिंदी असेल तर फोल्डरांची नावेही भाषांतरित होऊन येऊ शकतात, आणि पुढची जुळणीची साधने इंग्रजी नावे शोधत बसतात. त्यामुळे मागवण्यापुरती खात्याची भाषा इंग्रजी करून घ्या.

आलेल्या सामानात प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची जेसन फाइल असते. बरेच जण तिला कचरा समजून उडवतात. तसे करू नका. गुगलच्या वहीतले पान तेच आहे. तुम्ही ॲपमध्ये सुधारलेली तारीख, हाताने घातलेले ठिकाण आणि फोटोखाली लिहिलेले वर्णन त्या जेसनमध्ये असते. फोटोच्या पोटात मूळ कॅमेऱ्याने लिहिले होते तेवढेच असते.

क्रम असा ठेवा:

१. सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उलगडा. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये असे सर्रास होते. एकेक झिप वेगळी उलगडून काम केले तर जोड्या जुळणार नाहीत. विंडोजवर फाइलचे लांब पत्ते (फोल्डरात फोल्डर अशी लांबलचक नावे) अडतात, म्हणून डिस्कच्या मुळाशीच एका अक्षराच्या नावाचा फोल्डर करा आणि त्यात उलगडा.

२. या उलगडलेल्या सामानाची अख्खी प्रत पहिल्या डिस्कवर ठेवा. पुढचे सगळे काम दुसऱ्या प्रतीवर.

३. फोटोंमध्ये आधी 'डेट टेकन' तपासा. पोटात तारीख आहे आणि ती बरोबर आहे, तर त्या फोटोला काही करू नका. ज्यांचे पोट रिकामे आहे तेवढ्यांतच जेसनमधली तारीख भरायची. सरसकट सगळ्यांवर जेसन चढवणे ही मोठी चूक आहे, कारण मग ज्या चांगल्या नोंदी होत्या त्याही बदलतात.

४. जेसनमधली वेळ जागतिक वेळेत असते आणि १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते. एक उदाहरण घ्या. २०१९च्या अनंत चतुर्दशीला, १२ सप्टेंबरला, इंदूरला रात्रभर गिरण्यांच्या झाँकी (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) निघाल्या आणि तुम्ही मध्यरात्रीनंतर दीड वाजता फोटो काढला. आपल्या घड्याळाने तो १३ सप्टेंबरचा आहे. जेसनमध्ये १५६८३१८४०० हा आकडा आणि शेजारी १२ सप्टेंबर, रात्रीचे ८ असे दिसेल. साडेपाच तास मिळवल्यावरच बरोबर वेळ येते. जुळणीच्या साधनात भारतीय वेळ निवडायला विसरलात तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक फोटो आदल्या दिवशी जाऊन बसेल.

५. ठिकाणाच्या रकान्यात ०.० आणि ०.० असेल तर ठिकाण नाही असा त्याचा अर्थ. ते तसेच फोटोत भरले तर तुमचे सगळे फोटो आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जातात. शून्य असलेल्या नोंदी वगळा.

जुळणीसाठी एक्झिफटूल हे फुकट आणि भरवशाचे साधन आहे. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात, म्हणून सवय नसेल तर घरातल्या कॉलेजवाल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. पण त्यांना एवढे नक्की सांगा: जिथे मूळ तारीख रिकामी आहे तिथेच लिहायचे, आणि एक्झिफटूल प्रत्येक फाइलची जी जुनी प्रत शेजारी ठेवते ती तपासणी होईपर्यंत उडवायची नाही. रिकामे फोटो शंभर-दीडशेच असतील तर हाताने भरलेले बरे.

तपासणी: नाव फार लांब असेल तर गुगल जेसनचे नाव कापते. 'एडिटेड' शेपूट असलेल्या फोटोंना बहुधा स्वतःची जेसन नसते, त्यांना मूळ फोटोची वापरावी लागते. एकाच नावाचे दोन फोटो असतील तर फोटोत कंसातला आकडा एका जागी आणि जेसनमध्ये दुसऱ्या जागी असू शकतो. जुळणी झाल्यावर किती फोटोंना जोडी मिळाली नाही तो आकडा बघा आणि ते वेगळ्या फोल्डरमध्ये काढा.

टप्पा ५: कॉपी खरोखर पूर्ण झाली का

दोन्हीकडच्या फोल्डरवर 'प्रॉपर्टीज' उघडा. फाइलची संख्या आणि 'साइज'चे बाइट अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले पाहिजेत. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही. डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे तो वेगळा येतोच, त्याने घाबरू नका. विंडोजवर टेराकॉपीसारखे साधन कॉपीनंतर प्रत्येक फाइल पुन्हा वाचून ताडते. वेळ लागतो, पण रात्री लावून झोपले की सकाळी झालेले असते.

टप्पा ६: चुकलेल्या तारखा दुरुस्त करणे

इथपर्यंत आल्यावरच दुरुस्तीला हात लावा. मी डिजिकॅम हे फोटो सांभाळायचे सॉफ्टवेअर वापरतो. तेही फुकट आहे आणि खिडक्या-बटणांवर चालते. सुरू करण्याआधी त्याच्या मेटाडेटाच्या (फोटोच्या पोटातल्या नोंदींच्या) सेटिंगमध्ये तारीख आणि ठिकाण फाइलमध्ये लिहिले जाईल असे निवडा. नाहीतर सगळी मेहनत डिजिकॅमच्याच वहीत राहील, आणि पुढच्या वेळी फोटो हलवताना पुन्हा तीच गत.

*कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले.* बॅटरी काढल्यावर जुने कॅमेरे मुळाच्या तारखेवर जातात, आणि मग पूर्ण सहल २००५च्या १ जानेवारीची दिसते. इथे सगळ्या फोटोंना एकच खरी तारीख देऊ नका. एका फोटोची खरी वेळ शोधा. फोटोत भिंतीवरचे घड्याळ असेल, किंवा त्याच क्षणी कोणाच्या फोनने काढलेला फोटो असेल. मग फरक काढा आणि सगळ्यांना तेवढेच पुढे सरकवा. 'ॲडजस्ट टाइम अँड डेट'मध्ये मिळवण्याचा पर्याय आहे. असे केल्याने फोटोंमधली मिनिटांची अंतरे तशीच राहतात.

*परदेशचे फोटो.* जुन्या एक्झिफमध्ये वेळ कोणत्या देशाची हे लिहायची सोयच नव्हती, ती २०१६ च्या आवृत्तीत आली. अमेरिकेतल्या मुलीकडे जाऊन आलेल्या आजोबांच्या कॅमेऱ्यात वेळ इंदूरचीच राहिलेली असते. तेवढ्या सहलीचा वेगळा फोल्डर करून वेळ सरकवा.

*स्कॅन केलेले जुने फोटो.* स्कॅनर फोटोवर स्कॅनची तारीख घालतो. एक्झिफमध्ये दोन रकाने आहेत, मूळ फोटो कधी काढला आणि डिजिटल कधी झाला. दुसऱ्यात स्कॅनची तारीख राहू द्या, पहिल्यात खरी भरा. फक्त वर्ष माहीत असेल तर मी १ जुलै, दुपारी १२ असे घालतो आणि वर्णनात 'अंदाजे' लिहितो. दुपारचे बारा अशासाठी की पुढे कुठल्या ॲपने साडेपाच तासांची गडबड केली तरी तारीख बदलत नाही.

फोटोच्या मागे लिहिलेली तारीख वाचताना आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक खास काळजी घ्यावी लागते. आजीने शके लिहिलेले असते आणि इथल्या स्टुडिओने किंवा पत्रिकेने संवत. शकात ७८ मिळवायचे (जानेवारी ते फाल्गुनाअखेर ७९). विक्रम संवतातून ५७ वजा करायचे (जानेवारी ते फाल्गुनाअखेर ५६). कृष्णधवल फोटोमागे 'सं. २०१९' लिहिलेले असेल तर ते साल १९६२ (जानेवारी ते फाल्गुनाअखेर असेल तर १९६३) आहे. घाईत २०१९ भरले गेलेले मी दोन घरांत पाहिले आहे, आणि मग पणजोबा नातसुनेच्या डोहाळजेवणाशेजारी येऊन बसतात. महिन्याचेही बघा. आपण अमावास्येला महिना संपवतो, माळव्यातले हिंदी पंचांग पौर्णिमेला. त्यामुळे आपला वैशाख वद्य पक्ष त्यांच्याकडे ज्येष्ठ कृष्ण पक्ष असतो. तिथीवरून तारीख काढण्याआधी लिहिणारा कोणत्या पंचांगाने चालायचा ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. हे विचारायला उशीर करू नका.

इशारा: फाइलच्या अंगावरचा शिक्का फॅट आणि एक्सफॅट डिस्कवर १९८० च्या आधीचा असूच शकत नाही. १९६२ ची तारीख पोटातच लिहावी लागते. शिक्का बदलून बघितला आणि झाला नाही म्हणून काम सोडून देऊ नका.

*व्हॉट्सॲपचे फोटो.* मूळ फोटो कोणाकडे मिळत असेल तर तो मागा. नाहीच मिळाला तर नावातली तारीख भरा आणि वर्णनात 'आल्याची तारीख' असे लिहा. निदान महिना तरी जवळपास येतो.

टप्पा ७: व्हिडिओ वेगळे बघा

फोनच्या व्हिडिओत वेळ बहुधा जागतिक वेळेत लिहिलेली असते, फोटोत स्थानिक. काही कॅमेरे मात्र व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात, म्हणून सरसकट साडेपाच तास मिळवू नका. तोच झाँकीचा प्रसंग घ्या. दीड वाजताचा फोटो १३ तारखेला आणि त्याच मिनिटाचा व्हिडिओ १२ ला रात्री आठ वाजता दिसत असेल तर तुमचे नवे ॲप जागतिक वेळेची स्थानिक वेळ करायची पायरी गाळते आहे. प्रत्येक यंत्राचा एक व्हिडिओ त्याच वेळच्या फोटोशी ताडा, फरक साडेपाच तासांचाच आहे का बघा आणि तेवढ्या यंत्राचेच सरकवा. पिक्सेल फोनच्या 'पीएक्सएल' नावांतले आकडेही जागतिक वेळेचे असतात, नावावरून तारीख भरताना ते लक्षात ठेवा.

टप्पा ८: ठिकाण भरणे

डिजिकॅममध्ये ठिकाण नसलेले फोटो गाळून वेगळे काढता येतात. एका सहलीचा एक फोनमधला फोटो ठिकाणासह असेल तर त्याचे अक्षांश-रेखांश कॉपी करून कॅमेऱ्याच्या फोटोंवर चिकटवा. महेश्वरच्या घाटावर हे सरळ आहे. मांडूला मात्र जहाजमहाल आणि रूपमतीचा मंडप यांत बरेच अंतर आहे, तिथे गटागटाने चिकटवा.

हाताने आकडे टाकत असाल तर आधी अक्षांश, मग रेखांश. इंदूर साधारण २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. उलटे टाकले तर राजवाड्यासमोरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात रंग उडवताना दिसेल. घरचे नेमके ठिकाण बाहेर जाऊ द्यायचे नसेल तर पाठवायच्या प्रतीतून काढा. विंडोजचे 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' मूळ फाइलवर कधीही चालवू नका, त्यात 'क्रिएट अ कॉपी'चाच पर्याय घ्या.

टप्पा ९: नव्या जागी चढवणे आणि शेवटची ताडणी

आता दुरुस्त झालेला संग्रह नव्या फोनमध्ये, नव्या खात्यात किंवा घरच्या सर्व्हरवर चढवा. जागा वाचवण्याचा पर्याय न घेता 'ओरिजिनल क्वालिटी' निवडा. नावे बदलायची असतील तर ती आत्ता, आधी नाही.

मग टप्पा २ मधली वही उघडा. तेच बारा फोटो नव्या जागी शोधा आणि तारीख, वेळ, ठिकाण एकेक करून टिक करा. त्यानंतर नव्या ॲपमध्ये तीन ठिकाणी बघा. आजच्या तारखेखाली अचानक ढीग जमला आहे का? १ जानेवारीला गर्दी आहे का? १९७० किंवा १९८० या वर्षांत काही जाऊन बसले आहे का? चुकलेले फोटो हमखास या तीन जागी सापडतात. नकाशा उघडून समुद्रात एखादा फोटो नाही ना, तेही बघा.

दुसरी डिस्क आता घराबाहेर ठेवा, देवासच्या बहिणीकडे किंवा सासरी. पहिली डिस्क, ज्यावर काहीही न छेडलेले मूळ आहे, ती लेबल लावून कपाटात. जुना फोन आणखी तीन महिने तसाच राहू द्या, कारण राहून गेलेला एखादा फोल्डर कोणाच्या तरी वाढदिवसालाच आठवतो. तोवर कोणी काही मागितले नाही आणि वहीतल्या सगळ्या ओळींवर टिक असेल, तर फोन पुसायला हरकत नाही.